एका नदीची सरासरी

परवा पुतणीने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. लेक पॉवेल नावाच्या जलाशयात ती होडीत बसली आहे, मागे तांबड्या वालुकाश्माचा उभा कडा, आणि पाण्याच्या जरा वर त्या कड्यावर लांबच लांब पांढरा पट्टा. कुणी चुन्याचा हात मारावा तसा. खाली प्रश्न: "काका, हा दगड एवढाच पांढरा का?" उत्तर दोन ओळींचं आहे. पाण्यातला चुना कड्यावर बसला, पाणी उतरलं, पट्टा उघडा पडला. पण पाणी का उतरलं हे सांगायला बसलो, तर गोष्ट पार दीडशे वर्षं मागे गेली. मास्तराला प्रश्न विचारला की असं होतं. तेव्हा मंडळी, हे तिच्यासाठी लिहिलं आहे, पण तुम्हीही वाचा.

हा जलाशय कोलोरॅडो नदीवरचा. त्याच्या धरणाखाली थोड्याच अंतरावर ग्रँड कॅन्यन सुरू होते. 'घळई' हा शब्द शिकवताना आम्ही उदाहरण हिचंच द्यायचो आणि फळ्यावर इंग्रजी व्ही काढून मोकळे व्हायचो. प्रत्यक्षात ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. चुनखडक आणि वालुकाश्म कड्यासारखे उभे राहतात, मधले मऊ खडक उतरते झिजतात. लांबी 446 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी 29, आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. काठावरचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. त्याच्या थोडं खाली कोकोनिनो वालुकाश्म, म्हणजे एका जुन्या वाळवंटाच्या गोठलेल्या टेकड्या. त्यांवरून चाललेल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे आजही दिसतात. आणि अगदी तळाशी, नदीलगत, 170 कोटी वर्षांहून जुना काळा खडक. त्याचं नाव काय असावं? विष्णू शिस्ट! क्लॅरन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1880 च्या सुमारास इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली आणि पुढे ती खडकांनाही चिकटली. काही ठिकाणी या विष्णूच्या थेट डोक्यावर 50-52 कोटी वर्षांचा वालुकाश्म बसला आहे. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांचा हिशेबच नाही, झिजून वाहून गेला. एवढं सगळं कापणारी नदी त्या मानाने पोरसवदा. बहुतेक अभ्यासक घळईचं आजचं रूप गेल्या 50-60 लाख वर्षांतलं मानतात.

आता हवा. दक्षिण काठ सुमारे 2,100 मीटर उंचीवर, उत्तर काठ त्याहून 300 मीटर वर. काठावर हिवाळ्यात बर्फ पडतं, आणि उन्हाळ्यात तळाशी पारा सहज 40 अंशांच्या पुढे जातो. एका दिवसात खाली उतरून परत वर यायला निघालेले धडधाकट लोक दरवर्षी इथे उष्माघाताने आडवे होतात. तळाशी वर्षाचा पाऊस वीस-बावीस सेंटीमीटर. मग एवढी नदी येते कुठून? तिचं पाणी या वाळवंटाचं नाहीच. ते शेकडो मैल दूर रॉकी पर्वतावर पडलेल्या बर्फाचं. कोणत्या हिवाळ्यात किती बर्फ पडेल, यावर नदीचं सगळं वर्ष अवलंबून.

जलाशयाला ज्याचं नाव दिलं तो जॉन वेस्ली पॉवेल मूळचा शाळामास्तर, म्हणून मला तो जवळचा. 1862 मध्ये शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. 24 मे 1869 रोजी हा 35 वर्षांचा एकहाती माणूस चार लाकडी होड्या आणि नऊ सोबती घेऊन वायोमिंगमधून निघाला. पुढचा बराचसा भाग तेव्हा नकाशावर कोरा होता. पंधरा-सोळा दिवसांतच एक होडी खडकावर फुटली. तिच्या सांगाड्यातून वायुभारमापक परत मिळाले तेव्हा सोबत्यांनी जल्लोष केला. पॉवेलला वाटलं, यांनाही शास्त्राची गोडी लागली! मग कळलं, आनंद व्हिस्कीचं पिंप सापडल्याचा होता. पुढे पीठ भिजून नासलं, उपासमार जवळ आली. एक जण आधीच सोडून गेला होता. 28 ऑगस्टला एका भयंकर धावत्यापाशी आणखी तिघे म्हणाले, आता पुरे, आम्ही कडा चढून जातो. ते गेले आणि मारले गेले, कुणी मारलं यावर अजून वाद आहे. उरलेले सहा दोन होड्यांत बसून दोनच दिवसांत घळईबाहेर पडले. दोन दिवसांचा प्रश्न होता. हे वाचलं की आजही चुटपुट लागते.

पॉवेलचं खरं काम मात्र नंतरचं. 1878 च्या अहवालात त्याने सांगितलं की या कोरड्या मुलखातली फार थोडी जमीन पाण्याखाली आणता येईल, आणि वस्ती बसवायची तर नदीखोऱ्यांप्रमाणे बसवा. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत तो उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही ज्या जमिनींची स्वप्नं पाहता त्यांना पुरेल एवढं पाणीच नाही, तुम्ही भांडणांचा वारसा मागे ठेवताय. सभेने त्याची हुर्यो उडवली.

पुढे 24 नोव्हेंबर 1922 रोजी सात राज्यांनी नदीची वाटणी केली. अध्यक्ष हर्बर्ट हूवर. हिशेब एकर-फुटांत, म्हणजे एक एकरावर एक फूट उभं पाणी. वरच्या खोऱ्याला 75 लाख, खालच्या खोऱ्याला 75 लाख. आपल्या भाषेत मिळून सुमारे 653 टीएमसी, सहा कोयना भरतील एवढं. 1944 मध्ये मेक्सिकोला आणखी 15 लाख एकर-फूट कबूल केले. पण करारापूर्वीची जी थोडी वर्षं मोजली होती ती नेमकी भरघोस बर्फाची! 1976 मध्ये झाडांच्या खोडांतली वलयं मोजून साडेचारशे वर्षांचा अंदाज काढला, तेव्हा सरासरी 135 लाखांच्या आसपास निघाली.

बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात, बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं म्हणून. मला हे पटत नाही. सरकारच्याच भूशास्त्र खात्यातल्या ई. सी. लारू यांनी 1916 मध्येच लिहिलं होतं की सगळ्या जमिनींना पुरेल एवढं पाणी नदीत नाही. त्याआधीची कोरडी वर्षंही माहीत होती. पण मोठा आकडा धरला की सातही जणांच्या ताटात काही पडतं, लहान धरला तर करारच होत नाही. अज्ञान थोडं, सोय जास्त. आणि शतकानुशतकं त्या खोऱ्यात राहणाऱ्या आदिवासी जमातींना बैठकीला बोलावलंच नाही. त्यांच्याबद्दल करारात एक वाक्य आहे. त्यांतल्या अनेकांना तर देशाचं नागरिकत्वच 1924 मध्ये मिळालं.

मग धरणं आली. ग्लेन कॅन्यन धरणाची दारं मार्च 1963 मध्ये लागली आणि वरची ग्लेन घळई पाण्याखाली गेली. तलाव पूर्ण भरायला 1980 उजाडलं. गंमत म्हणजे 1983 मध्ये बर्फ एवढं वितळलं की सांडव्याच्या दारांवर प्लायवूडच्या फळ्या लावून पाणी अडवावं लागलं. सरासरीने चालेल ती नदी कसली!

धरणाखालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये होड्यांची सहल हा आता मोठा व्यवसाय आहे. 1938 मध्ये नॉर्म नेव्हिल्सने पहिल्यांदा पैसे घेऊन माणसं नेली. त्यांत एलझाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, घळई पार करणाऱ्या पहिल्या स्त्रिया. त्यांनी धावत्यांमधून वाट काढत झाडपाला गोळा केला. 1972 मध्ये सोळा हजारांवर लोक गेले, मग परवान्यांवर मर्यादा आली, आणि खाजगी होडीवाल्यांची प्रतीक्षायादी अनेक वर्षांची झाली. 2006 पासून सोडत काढतात. धरणामुळेच उन्हाळाभर होडीपुरतं पाणी मिळतं. पण ते पाणी तळातून सोडलेलं, गार आणि हिरवट. तांबडा गाळ धरणामागेच अडतो, म्हणून सहलीला जाणारे रात्री तंबू ठोकतात ते वाळूचे किनारे झिजत चालले. 1996 पासून अधूनमधून मुद्दाम पूर सोडून ते सावरायचा प्रयत्न करतात.

2000 पासून बर्फ रोडावलं, उष्मा वाढला. सरासरी 125 लाखांच्या आसपास आली. 2023 च्या फेब्रुवारीत लेक पॉवेल भरल्या पातळीच्या 180 फूट खाली होता. बुडालेल्या काही घळी उघड्या पडल्या, त्यांत झाडं पुन्हा रुजली.

2007 मध्ये ठरलेले टंचाईचे नियम 2026 अखेरपर्यंतचे. पुढचे नियम काय असावेत याची बोलणी चालू असताना 2025 मध्ये एक सूचना पुढे आली: ठरावीक आकडा नको, मागच्या तीन वर्षांत नदीला जेवढं पाणी खरोखर आलं त्याच्या सरासरीवरून वाटा ठरवा. सात राज्यांचं त्यावरही चटकन जमलं नाही.

पुतणीला हे सगळं पाठवलं. तिचं उत्तर आलं, "काका, मी फक्त दगडाचं विचारलं होतं."