आकड्यामागची माणसे

मागच्या दिवाळीत नाशिकहून परतलेल्या शेजाऱ्यांनी फराळाच्या डब्याबरोबर बाबांचे एक पाकीट आणून दिले. आत देहदानाचा फॉर्म होता. बाबांची सही झालेली होती, साक्षीदार म्हणून आईचीही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा माझ्यासाठी मोकळी होती. रात्री फोन केला. म्हटले, "बाबा, एवढी काय घाई आहे तुम्हाला?" त्यावर त्यांनी उलट विचारले, "तुझ्या पीएच.डी.त ते डोक्याच्या दुखापतीचे आकडे होते ना? ते कुठून आले होते रे?"

मला नीट उत्तर देता आले नाही. आज मी सॉफ्टवेअरमध्ये असलो, तरी माझा प्रबंध मोटारींच्या धडकेच्या गणितावर होता. धडकेत डोक्याला किती जोराचा आणि किती वेळ हिसका बसतो, त्यावरून 'हेड इंजुरी क्रायटेरिअन' नावाची एक संख्या काढतात. ती 1000 च्या वर गेली की गंभीर धोका, असे आम्ही शिकलो. हा 1000 मी कित्येक वर्षे प्रोग्रॅममध्ये लिहीत होतो. तो कोणी, कसा मोजला, हे विचारायचे कधी सुचलेच नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वाचायला बसलो.

या आकड्याचे मूळ अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात आहे. आज वेन स्टेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात 1939 साली मेंदूचे शल्यचिकित्सक गुर्जियन आणि अभियंता लिसनर यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला: माणसाची कवटी किती जोराच्या आघाताने फुटते? उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हते. त्यांनी कवट्यांवर पोलादी गोळे टाकून पाहिले, वापरात नसलेल्या लिफ्टच्या बोगद्यातून मृतदेह पोलादी पत्र्यावर सोडून पाहिले. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच मोजमापांतून पुढे 'वेन स्टेट टॉलरन्स कर्व्ह' हा आलेख तयार झाला, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरूनच माझ्या प्रबंधातील ती संख्या बेतली गेली. तेथील प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक तर स्वतःच सुमारे 400 वेळा धक्क्याच्या गाडीवर बसले होते. पण जिवंत माणूस हाड मोडेपर्यंत बसू शकत नाही. त्यापुढची मर्यादा मृतदेहच सांगू शकत होते.

तुम्ही म्हणाल, यासाठी चाचणीचे पुतळे असतात की! असतात, 1976 साली आलेला 'हायब्रिड थ्री' जगभर वापरला गेला. पण पुतळ्याची छाती किती दबली म्हणजे माणसाच्या फासळ्या मोडतील, हे पुतळ्याला कोण सांगणार? संगणकाचेही तसेच. टोयोटाने 2000 साली मानवी शरीराचे 'थम्स' हे संगणकीय प्रारूप आणले. त्याचे उत्तर बरोबर की चूक, हेही मृतदेहांवरील चाचण्यांशी ताडूनच ठरवावे लागते. वेन स्टेटचेच अल्बर्ट किंग यांनी 1995 साली हिशेब मांडला, की या संशोधनातून झालेल्या सुधारणांमुळे 1987 पासून दर वर्षी सुमारे 8,500 जीव वाचत आहेत.

हे देह मिळवण्याचा इतिहास मात्र सरळ नाही. एडिंबरोत 1828 साली बर्क आणि हेअर या दोघांनी 16 माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या एका शिक्षकाला विकल्याचे उघडकीस आले. त्यानंतर 1832 च्या ब्रिटिश कायद्याने बेवारस प्रेते विच्छेदनासाठी देण्याची सोय केली. आपल्याकडे 1949 चा मुंबई शरीररचनाशास्त्र कायदाही मुळात बेवारस देहांसाठीच होता. म्हणजे ज्यांना विचारणारे कोणी नव्हते, त्यांच्याच देहावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. स्वखुशीने दिलेल्या देहाची भारतातील पहिली नोंद म्हणून शोधनिबंधांत पुण्याच्या पांडुरंग श्रीधर आपटे यांचे नाव येते. 1956 साली त्यांचा देह बी. जे. मेडिकल कॉलेजला मिळाला. पुढे 2010 साली जानेवारीत ज्योती बसूंचा आणि फेब्रुवारीत हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांचा देह असाच दिला गेला. आयुष्यभर दोघांचे विचार दोन टोकांचे, पण शेवटचा निर्णय एकच.

संमतीचा प्रश्न किती नाजूक आहे, हे 1993 साली दिसले. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने धडकेच्या चाचण्यांत सुमारे 200 मृतदेह वापरले आणि त्यांत 8 मुलांचे होते, हे कळल्यावर मोठा गदारोळ झाला. लहान मुलांच्या आसनांची सुरक्षितता त्याशिवाय कशी तपासणार, हा संशोधकांचा प्रश्नही खोटा नव्हता. पण "कोणी हो म्हटले होते?" हे समाजाने विचारणे तितकेच योग्य होते.

महाराष्ट्रात दिलेला देह बहुतेक वेळा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जातो, धडकेच्या चाचणीत नाही. बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, "मग काय झाले? कोणाच्या तरी उपयोगी पडेल ना?"

आपल्यासारख्या परदेशस्थांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेडिकल कॉलेजला देह काही तासांत लागतो. इथून कागदपत्रे, एम्बामिंग आणि विमान यांत दिवस जातात. शिवाय अपघाती मृत्यू होऊन शवविच्छेदन झाले, तर देह बहुधा स्वीकारत नाहीत. त्यामुळे आपला स्वतःचा संकल्प इथे राहून पुरा होईलच असे नाही. पण तिकडच्या आईवडिलांचा होऊ शकतो, आणि तो आपल्याच एका फोनवर अडू शकतो. मुलगा येईपर्यंत थांबायचे की नाही, हे आधीच बोलून ठेवलेले बरे.

फॉर्म आठ महिने ड्रॉवरमध्ये होता. रोज सकाळी सुलतान काबूस हमरस्त्याला लागण्यापूर्वी मी पट्टा लावत होतो, मागे मुलीचा लागला का ते पाहत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन ड्रॉवर न उघडता जेवायला बसत होतो. दुसऱ्यांच्या वडिलांचे देह मला आकडा म्हणून चालले होते. माझ्या वडिलांच्या वेळी मात्र पेन उचलवेना.

गेल्या शुक्रवारी सही केली. बाबांना फोन करून सांगितले, की माझी वाट पाहू नका. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण अजून वेळ आहे रे. डिसेंबरात येतोयस ना?"