इंग्रजी विशेषणे : आजार, इजा आणि मृत्यू

आजारपण, शारीरिक इजा आणि मृत्यू यांचे वर्णन करणारा इंग्रजी विशेषणांचा संच. यातली रोजच्या वापरातली थोडी विशेषणे जुन्या इंग्रजीची (सिक, सोअर, डेड, डेडली). ‘इल’ हे स्कँडिनेव्हियाहून आलेल्या लोकांच्या भाषेतले असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘वाईट’ असा होता. उरलेला मोठा साठा लॅटिन आणि ग्रीकमधून वैद्यकाच्या व कायद्याच्या वाटेने आला. या विशेषणांचे काम केवळ वर्णनाचे नाही. रुग्णाला कोणत्या खाटेवर ठेवायचे, आरोपीवर कोणते कलम लावायचे, अपघात कोणत्या रकान्यात नोंदवायचा, हे त्यांच्यावर ठरते. म्हणून त्यातले बरेचसे शब्द रुग्णाला काय होते आहे यापेक्षा त्याच्याकडे कोण पाहते आहे हे अधिक सांगतात.

‘इल’ सहसा क्रियापदानंतर येते, नामाआधी ‘सिक’ लागते. ‘सिक लीव्ह’ त्यातूनच आली. ब्रिटनमध्ये मात्र ‘सिक होणे’ म्हणजे बहुधा उलटी होणे. अपघातात लागले तर ‘इन्जर्ड’, शस्त्राने किंवा युद्धात लागले तर ‘वूंडेड’. बातमीदार हा भेद पाळतात, बोलणारे नेहमीच पाळत नाहीत.

वैद्यकातली सर्वांत ओळखीची आणि सर्वांत गैरसमज झालेली जोडी ‘अ‍ॅक्यूट’ व ‘क्रॉनिक’ ही. पहिले लॅटिनमधल्या ‘टोकदार’ या अर्थाच्या शब्दावरून, दुसरे ग्रीकमधल्या ‘काळ’वाचक शब्दावरून. दोन्ही आजाराची गती सांगतात, जोर सांगत नाहीत. साधे पडसेही अ‍ॅक्यूट असते आणि वर्षानुवर्षांचा सौम्य त्वचारोगही क्रॉनिक. मराठी पाठ्यपुस्तकांनी अ‍ॅक्यूटला ‘तीव्र’ म्हटल्यामुळे आपल्याकडे घोटाळा आणखी वाढला. 2003 साली जगभर गाजलेल्या सार्सच्या इंग्रजी नावात ‘सिव्हिअर’ आणि ‘अ‍ॅक्यूट’ ही दोन्ही विशेषणे शेजारीशेजारी आहेत. पहिले आजाराचे गांभीर्य सांगते, दुसरे त्याचा झपाटा. जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली की डॉक्टर ‘अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक’ लिहितात, आणि मग या जोडीत विरोध नाही हे आपोआप कळते.

‘मॅलिग्नंट’ व ‘बिनाइन’ ही जोडी तर थेट स्वभावाची आहे : एक दुष्ट, दुसरा भला. आज ती गाठींसाठी वापरतात, पण हिवतापालाही ती लावली गेली होती. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचा दिवसाआड येणारा ताप तो मॅलिग्नंट, व्हायव्हॅक्सचा तो बिनाइन. व्हायव्हॅक्सनेही रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो हे आता माहीत आहे, म्हणजे तो भलेपणा तुलनेपुरताच होता. गाठींच्या बाबतीतही तेच. कवटीच्या आत वाढणारी बिनाइन गाठ शरीरात पसरत नाही, तरी मेंदूवर दाब आणून जीव घेऊ शकते.

मृत्यूकडे नेणारी चार विशेषणे कोशांत एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेली असतात, पण त्यांची कामे वाटलेली आहेत. ‘लीथल’ हे साधनाच्या अंगच्या शक्तीविषयी आहे. विषाची लीथल मात्रा कोणी घेतली नाही तरी ती लीथलच असते. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी 1927 साली प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा हे मोजमाप मांडले, ते याच विशेषणाच्या नावाने चालते. ‘फेटल’ घडून गेलेल्या गोष्टीला लागते. त्याच्या मुळाशी दैव आहे, आणि दैवाचा निकाल नंतरच कळतो. भारतातल्या रस्ते अपघातांच्या सरकारी आकडेवारीत जखमी व्यक्ती अपघातापासून 30 दिवसांच्या आत दगावली तर तो अपघात फेटल ठरतो. ‘मॉर्टल’ दुहेरी आहे : मरणारा आणि मारणारा, दोन्ही. आपले ‘मर्त्य’ आणि ‘मृत’ त्याचेच दूरचे भाऊबंद. ‘डेडली’ सर्वांत जुने आणि सर्वांत सैल. त्यामुळे मथळे लिहिणाऱ्यांचे ते आवडते.

‘लीथल’मधला ‘एच’ चुकून आलेला आहे. मरणाच्या लॅटिन शब्दाचे नाते ग्रीक पुराणातल्या विस्मरणाच्या लीथी नदीशी जोडले गेले आणि अक्षर चिकटले. मरणोत्तर या अर्थाच्या ‘पॉस्ट्युमस’मध्येही तसेच झाले. मूळ शब्द ‘सर्वांत शेवटचा’ एवढाच होता. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला तो लावत, आणि पुढे लोकांनी त्यात मातीवाचक शब्द पाहिला. गंभीर या अर्थाचे ‘ग्रेव्ह’ आणि थडगे हा अर्थ असलेले नाम यांचे तर मूळच वेगळे. तरी शेक्सपिअरने मरणाच्या दारातल्या मर्क्युशिओच्या तोंडी त्यांवर श्लेष घातलाच.

इजेच्या विशेषणांत कायद्याचा शब्द अखेरचा. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केलेली आणि 1860 मध्ये मंजूर झालेली भारतीय दंड संहिता ‘ग्रीव्हस’ दुखापतीचे आठ प्रकार मोजून देत होती. दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव गमावणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे हे त्यांतले काही. त्यामुळे भांडणात एक दात पडला तर दुखापत ग्रीव्हस, आणि मांसात खोल गेलेला पण दहा दिवसांत भरलेला वार बहुधा ‘सिम्पल’. आठव्या प्रकारात जिवाला धोका किंवा 20 दिवसांची तीव्र वेदना ही अट होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ते दिवस 15 केले. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत मारामारीच्या प्रकरणात डॉक्टरला याच दोन शब्दांतला एक लिहून द्यावा लागतो आणि पोलिसांचे कलम बरेचसे त्यावर बेतते. खुद्द इंग्लंडच्या 1861 च्या कायद्यात मात्र अशी यादी नाही. ग्रीव्हस म्हणजे खरोखर गंभीर, एवढ्यावरच हाऊस ऑफ लॉर्ड्सने डीपीपी विरुद्ध स्मिथ या खटल्यात विषय मिटवला. वसाहतीतल्या न्यायाधीशांवर तेवढा भरवसा नसावा.

रुग्णालयांच्या निवेदनांची भाषा वेगळीच. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने प्रकृतीसाठी ठरवून दिलेल्या शब्दांत ‘गुड’, ‘फेअर’, ‘सीरियस’, ‘क्रिटिकल’ आहेत. ‘स्टेबल’ हा प्रकृतीचा दर्जा म्हणून वापरू नये अशी तिची सूचना आहे. तरी ‘क्रिटिकल बट स्टेबल’ हे वाक्य वृत्तपत्रांतून हटत नाही आणि आपल्याकडेही ‘प्रकृती चिंताजनक पण स्थिर’ म्हणून ते रुळले. ‘पीसफुल’वर तर कोणीच शंका घेत नाही. 20 जानेवारी 1936 रोजी राजे पंचम जॉर्ज यांचे आयुष्य शांतपणे शेवटाकडे जात असल्याचे पत्रक राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी काढले. त्यांनीच मॉर्फिन व कोकेनची इंजेक्शने देऊन तो शेवट जवळ आणला होता, आणि बातमी सायंदैनिकांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी हाही त्यामागचा एक विचार होता, हे त्यांच्या टिपणांतून 1986 मध्ये उघड झाले.

मोठ्या दुर्घटनेत जखमींची प्रतवारी करताना वाचण्याची आशा नसलेल्यांना ‘एक्स्पेक्टंट’ म्हणतात. हेच विशेषण गरोदर स्त्रीलाही लागते. ‘ब्रेन-डेड’ हे 1968 च्या हार्वर्ड समितीच्या अहवालानंतर रूढ झाले. भारतात मेंदूस्तंभ मृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 साली झाला; तो सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला ती गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश. अतिदक्षता विभागात छाती हलत असलेल्या माणसाला हे विशेषण लागल्याचे नातेवाइकांना समजावणे अजूनही अवघड जाते, आणि तीच संज्ञा इंग्रजीत शिवी म्हणून वापरली जाते हे काही मदतीचे नाही.

रुग्णाच्या बाजूने बोलणारी विशेषणे वेदनेची. इंग्रजीत वेदनेसाठी शब्द तोकडे पडतात अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1926 च्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात केली. 1975 मध्ये माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत मात्र 78 विशेषणे 20 गटांत लावलेली आहेत : थ्रॉबिंग, शूटिंग, स्टॅबिंग, ड्रिलिंग, नॉइंग, बर्निंग. यादीतला बराच ऐवज हत्यारांच्या पेटीतला आहे. मराठीत उतरवताना विशेषणांचा साचाच मोडतो. आपल्याकडे दाढ ठणकते, पोटात मुरडा येतो, कमरेत चमक भरते, जखम चुरचुरते, अंग मोडून येते. दुखणे नामात आणि क्रियापदात राहते. प्रश्नावलीतला एकेक शब्द घेऊन बसलेल्या भाषांतरकाराला ‘कसे दुखते’ऐवजी ‘काय होते’ असे विचारावे लागते.

रुग्णांनी स्वतः विशेषणांवर आक्षेप घेतल्याचे ठळक उदाहरण 1983 च्या डेन्व्हर तत्त्वांचे. एड्स झालेल्यांनी ‘बळी’ हे संबोधन नाकारले, ‘रुग्ण’ हेही केवळ कधीकधी मान्य केले आणि ‘एड्स असलेली माणसे’ अशी रचना पुढे केली. पुढे मधुमेह, मिरगी, अपंगत्व यांच्या इंग्रजीतही व्यक्ती आधी, आजार नंतर हा क्रम आला. कर्णबधिरांपैकी आणि स्वमग्नांपैकी अनेकांना मात्र तो नको असतो. त्यांच्या मते ते विशेषण त्यांची ओळखच आहे.

मृत व्यक्तीच्या नावाआधीचे ‘लेट’ अलीकडे गेलेल्यांसाठी असते. किती अलीकडे याची मर्यादा कोणत्याही व्याकरणात नाही, पण शिवाजी महाराजांना किंवा न्यूटनला ते कोणी लावत नाही. भारतीय इंग्रजीत ही मर्यादा बरीच सैल आहे. सरकारी अर्जातल्या वडिलांच्या नावाच्या रकान्यात ते पन्नास वर्षांनीही लिहिले जाते, कारण ‘कै.’ची जागा त्याने घेतली आहे.