आगोट

मे महिना सरत आला की कर्जतच्या बाजारात खडेमीठ, सुकट, बोंबील, लाल मिरच्या आणि कांद्याच्या माळा यांची एकदमच गर्दी होते. ही आगोटीची खरेदी. पावसाआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची हा रायगडातला जुना रिवाज. तो गरिबीतून आला असं सहज म्हटलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. तो इथल्या पावसानं घडवला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कर्जत-खालापुरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उल्हास, पेज, पाताळगंगा भरून वाहू लागल्या की पूल नसलेल्या काळी पलीकडचा बाजार बंद. त्यात लावणीचे दिवस. चुलीला सुकं लाकूड आणि भाकरीला तोंडीलावणं वैशाखातच जमवलेलं असे.

या बेगमीचा पाया मीठ. पेण, पनवेल, उरणच्या मिठागरांतलं मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर जाई आणि घाटात शिरण्याआधीच्या वाटा याच दोन तालुक्यांतून जात. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, आणि देशावरची मिरची, तेल, हिंग कर्जतला सोप्यानं पोचू लागलं. मिरची तर मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. त्याआधी इथल्या खाराला मिरी आणि आलंच तिखटपणा देत असणार.

कैरी मात्र घरची. तिची आंबोशी हा मला या सगळ्या वाळवणांतला सर्वांत शहाणा प्रकार वाटतो. तेल नको, मसाला नको. वाऱ्यानं पडलेली, लोणच्याला न चालणारी कैरीही चालते. साल काढायची, पातळ फोडी करायच्या, मीठ चोळून रात्रभर ठेवायच्या. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, सकाळी ते निथळून फोडी उन्हात घालायच्या. कैरी मुळातच आंबट, त्यात मीठ आणि कोरडेपणा, म्हणून बुरशीला थाराच मिळत नाही. फोड वाकवल्यावर कडकन मोडली की बरणीत भरायची. आषाढात सुकटीच्या कालवणात किंवा आमटीत दोन फोडी टाकल्या की पुरे. समुद्रापासून आत असल्यानं कर्जतचा उन्हाळा किनाऱ्यापेक्षा कोरडा आणि कडक, पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे अलिबागपेक्षा इथे वाळवण लवकर होतं.

उन्हाळी भाजीची गोष्ट त्या मानानं अलीकडची. १९२२ मध्ये भिवपुरीचं टाटांचं वीजघर सुरू झालं. पूर्वेकडे वाहून जाणारं आंध्रा नदीचं पाणी घाटमाथ्यावर अडवून खाली सोडलं गेलं. वीज करून झाली की ते पेज नदीत येतं. म्हणून पेज भर उन्हाळ्यातही वाहते, राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं आणि बांधाला, परसात मिरची, काकडी, भोपळा, गवार तग धरते. काकडीचे सांडगे आणि ताकातल्या भरल्या मिरच्या घालायला हा माल आता दारातच मिळतो.

आज रस्ता पूर्वीसारखा बंद पडत नाही, भाजी बारमाही मिळते. तरीही आगोट टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. झाडाखाली सडून जाणारी कैरी आणि बांधावरची जादा काकडी खाण्यात आणण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. वीज लागत नाही, लागतं ते फक्त ऊन.

फक्त त्या उन्हाचा भरवसा आता पूर्वीसारखा नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीच्या तारखेच्या दोन आठवड्यांहून जास्त आधी. मेअखेरीसाठी ठेवलेली वाळवणं अशा वर्षी ओली राहतात. तेव्हा यंदा कैरी धरली की एप्रिलातच विळी काढा, आणि पहिलं कडक ऊन आंबोशीला द्या.