शॅल म्हणजे वचन की धमकी?

'आय शॅल, यू विल' हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत घोकलंय. रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण आठवतंय ना? ते १९३० च्या दशकातलं. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पण हा नियम त्यांचा नव्हे. तो १६५३ मध्ये जॉन वॉलिसने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सापडतो. वॉलिस म्हणजे तोच, ज्याने १६५५ मध्ये अनंतासाठी आडव्या आठचं चिन्ह वापरलं. गणिती माणूस व्याकरण लिहायला बसला की तक्ता मांडणारच!

त्याचं म्हणणं असं: 'आय शॅल' म्हणजे नुसतं भाकीत. पण 'यू शॅल' किंवा 'ही शॅल' म्हटलं की ते वचन तरी असतं, नाहीतर धमकी तरी. शॅलचं मूळच तसं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'देणं लागतो' असा होता.

गंमत म्हणजे आपण पाठ केला नियमाचा पहिला अर्धा भाग, आणि पिंपरी-चिंचवडचं पोट भरतं दुसऱ्या अर्ध्यावर! १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, मग चाकण वाढलं. २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगन आली. मोठ्या गाडी कंपनीला सुटे भाग पुरवायचे तर सर्टिफिकेट लागतं. १९८७ मध्ये आयएसओ ९००१ आलं, १९९९ मध्ये खास वाहन उद्योगासाठी टीएस १६९४९, आणि २०१६ मध्ये त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९. यातली बहुतेक कलमं 'द ऑर्गनायझेशन शॅल' अशी सुरू होतात. म्हणजे तृतीय पुरुष. वॉलिसच्या तक्त्यातली वचन-धमकीची चौकट!

या मानकांमध्ये शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. शॅल चुकलं की ऑडिटर एनसी काढतो. नुसतं शुड चुकलं तर नाही. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांकडेही हेच आहे. मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये मस्ट, शुड, मे यांचे अर्थ असेच बांधून दिलेत.

आता खरी अडचण. हे सगळं मशीनवरच्या पाटीवर मराठीत उतरतं तेव्हा काय होतं? 'दर तासाला माप घ्यावे.' हे शॅल की शुड? 'चपला बाहेर काढाव्यात' हा हुकूम असतो आणि 'रोज सकाळी चालावे' हा सल्ला. आपल्या विध्यर्थाच्या एकाच 'वे'मध्ये दोन्ही मावतात. घरात ते सुरावरून कळतं, पण पाटीला सूर नसतो. ऑपरेटर सल्ला समजून एखादं माप सोडतो आणि ऑडिटर त्यालाच सक्ती समजून एनसी लिहितो. दोघांचंही मराठी बरोबर, आणि भुर्दंड मात्र छोट्या व्हेंडरला.

मराठी यात कमी पडते असं मुळीच नाही. 'माप घेतलंच पाहिजे' म्हणजे शॅल. 'माप घेतलेलं बरं' म्हणजे शुड. 'घेतलं तरी चालेल' म्हणजे मे. 'घेता येतं' म्हणजे कॅन. चारही छटा आपण रोज बोलतो. फक्त पाटी लिहायला बसलो की एकदम सरकारी होतो आणि सगळीकडे 'वे' लावून मोकळे होतो.

पुढच्या वेळी एखाद्या स्पेकचं किंवा पाटीचं मराठी करायची वेळ आली, तर आधी विचारा: हे नाही केलं तर काय होईल? क्रियापद त्या उत्तरावरून ठरवा.