ओढलेली तार आणि ठेवलेली तार : एका विद्युत नियमाचा इतिहास व अर्थ

विजेच्या दिव्याचे नाव काढताच एडिसनचे नाव शाळेतील मुलगाही चटकन सांगतो. परंतु ही वीज भिंतीतून आणि छपरातून सुरक्षितपणे नेण्याचे नियम कोणी घडविले, असे विचारले तर मोठ्यांनाही क्षणभर थांबावे लागते. शोधांचा इतिहास आपण आवडीने वाचतो, नियमांचा इतिहास मात्र रूक्ष म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक पाहता, नियमाच्या एकेका शब्दामागे कोणाचे तरी जळालेले घर किंवा कारखाना असतो. म्हणून अमेरिकेच्या विद्युत संहितेतील एका छोट्याशा नियमाची हकिगत येथे थोडक्यात मांडीत आहे. नियम वाचावा कसा, हेही त्यावरून ध्यानात यावे.

न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. विजेबरोबर आगीही आल्या. त्या काळी तारा लाकडाच्या खोबणीतून किंवा चिनी मातीच्या गट्ट्यांवरून नेत असत, आणि त्यांचे आवरणही आजच्यासारखे भरवशाचे नव्हते. आगीची भरपाई देण्याची पाळी विमा कंपन्यांवर येई. त्यामुळे सरकारच्या आधी विमेवाल्यांनीच तारा कशा बसवाव्यात याचे नियम केले. शिकागो येथे १८९३ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथील विद्युत व्यवस्थेच्या तपासणीच्या कामी आलेल्या विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्याने १८९४ मध्ये विद्युत सामानाची परीक्षा करणारी प्रयोगशाळा काढली. पुढे ती अंडररायटर्स लॅबोरेटरीज या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

परंतु नियमांचा सुळसुळाट झाला होता. १८९५ पर्यंत अमेरिकेत पाच वेगवेगळ्या संहिता चालू होत्या. एकीप्रमाणे योग्य ठरलेले काम दुसरीप्रमाणे सदोष ठरे. शेवटी १८९६ साली न्यूयॉर्क येथे संबंधित संस्थांचे प्रतिनिधी एकत्र बसले. त्यांनी या पाचही संहिता, तसेच जर्मनीचे व इंग्लंडचे नियम समोर ठेवून एक मसुदा केला. अमेरिका आणि युरोपमधील सुमारे १२०० जाणकारांकडे तो अभिप्रायासाठी पाठविण्यात आला आणि १८९७ साली ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ प्रसिद्ध झाला. १९११ पासून नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था त्याचा सांभाळ करीत आली आहे. १९७५ पासून दर तीन वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती निघते. ही संस्था सरकारी नाही. एखाद्या राज्याने वा शहराने संहिता स्वीकारली म्हणजेच तिला कायद्याचे बळ येते. नियमाचा अर्थ लावण्याची जबाबदारी संहितेने त्या त्या ठिकाणच्या तपासणी अधिकाऱ्यावर सोपविली आहे. आपला नियम असा येथूनच वादाचा विषय होतो.

आता मूळ विषयाकडे वळू. तार नेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत नळीची. आधी कंड्युट पाइप बसवायचा आणि मग त्यातून तार ओढून काढायची. अंतर लांब असले किंवा वळणे फार झाली तर मध्ये एक पेटी ठेवतात. तिला ‘पुल बॉक्स’ म्हणतात. तार तेथपर्यंत ओढायची, बाहेर काढायची आणि पुन्हा पुढच्या नळीत घालायची. दुसरी रीत पन्हळीची. आपल्याकडे जुन्या घरांतून दिसणारे लाकडी केसिंग-केपिंग वाचकांना ठाऊक असेल. खालच्या पट्टीत तार ठेवायची आणि वरून झाकणपट्टी मारायची. हेच काम मोठ्या प्रमाणावर पत्र्याच्या चौकोनी पन्हळीत केले की तिला अमेरिकेत ‘वायरवे’ म्हणतात. आपल्याकडील कारागीर अशाच पन्हळीला ‘ट्रंकिंग’ म्हणतात. वायरवेची व्याख्याच अशी आहे की, पन्हळ पूर्ण बसवून झाल्यावर झाकण उघडून तीत तारा ठेवायच्या. पन्हळीच्या छेदाच्या २० टक्क्यांहून अधिक जागा तारांनी व्यापू नये, असेही बंधन आहे.

परंतु प्रत्यक्ष कामात एक गोष्ट नेहमी घडते. पन्हळीच्या एका बाजूने जाड तारांची नळी येते, तिच्यातील तारा पन्हळीतून जाऊन दुसऱ्या नळीत शिरतात. कारागीर त्या एका दमात ओढून घेतो. अशा वेळी पन्हळ ही नावाने पन्हळ असली तरी कामाने पुल बॉक्सच झाली! जाड तार ताणून ओढली की ती नळीच्या तोंडावर दाबली जाते. ओढणे संपत आल्यावर उरलेला फास अपुऱ्या जागेत कोंबावा लागतो. आवरण तेथे चेपते किंवा खरवडते. त्या दिवशी दिवे लागतात, यंत्रे चालतात आणि दोष झाकणाखाली दडून राहतो. तो उघड होतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणूनच संहितेने पेटीचे माप ठरविले आहे. तार सरळ जात असेल तर पेटीची लांबी सर्वांत मोठ्या नळीच्या मापाच्या आठपट हवी. तार काटकोनात वळत असेल, किंवा आली त्याच बाजूने परत जात असेल, तर एकच तार असलेल्या दोन तोंडांमध्ये नळीच्या मापाच्या सहापट अंतर हवे. शिवाय वळणाच्या वेळी नळीच्या तोंडापासून समोरच्या भिंतीपर्यंतही निदान सहापट जागा लागते. हे सर्व अमेरिकन मापाच्या ४ नंबरच्या व त्याहून जाड तारांसाठी आहे. (या मापात अंक लहान तितकी तार जाड. ४ नंबर म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर.) २००२ साली संहितेची कलमे नव्याने लावण्यात आली. तेव्हापासून पेटीचा हा नियम ३१४ व्या कलमात आणि पत्र्याच्या पन्हळीचा ३७६ व्या कलमात आला. पन्हळीचा नियम म्हणतो की, ४ नंबरच्या किंवा जाड तारा पन्हळीतून ओढल्या जात असतील, तर एकच तार असलेल्या दोन तोंडांमधील अंतर पेटीच्या नियमाने सांगितल्यापेक्षा कमी नसावे.

उदाहरण घेऊ. दोन इंची नळी एका टोकाने आली आणि दुसरी दोन इंची नळी समोरच्या टोकाने गेली, तर दोन तोंडांत १६ इंच अंतर हवे. एक नळी टोकाला आणि दुसरी बाजूला असेल तर १२ इंच. येथवर मतभेद नाही. वाद पुढे आहे. बाजूने शिरणाऱ्या नळीसमोरची भिंतही १२ इंच दूर हवी काय? तशी असेल तर चार किंवा सहा इंची पन्हळ अशा कामाला बादच होईल.

माझ्या मते उत्तर नियमाच्या शब्दांतच आहे. पन्हळीच्या कलमाने पेटीच्या नियमातून फक्त तोंडांमधील अंतर घेतले, समोरच्या भिंतीचे घेतले नाही. त्या भिंतीची काळजी त्याच कलमातील दुसऱ्या तरतुदीने घेतली आहे. पन्हळीत तार वळते तेथे तिच्या जाडीप्रमाणे कोष्टकातील जागा सोडावी लागते. उदाहरणार्थ, सुमारे १०७ चौरस मिलिमीटरच्या तारेस चार इंच. म्हणजे भिंत मोकळी सोडलेली नाही, तिला वेगळी फूटपट्टी लावली आहे. अधिकाऱ्याने आपल्या मनाने १२ इंच मागणे, हे नियमात नसलेले नियमात घालणे होय.

परंतु हाच न्याय कारागिरालाही लागू पडतो. “आम्ही तार ओढली नाही, ठेवली” असे म्हणून सुटका करून घेता येते काय? झाकण उघडून तार खरोखरच सैल ठेवली असेल, तर ‘ओढणे’ हा शब्द तेथे लागू होत नाही आणि ही सवलत प्रामाणिक आहे. तसेच तार पन्हळीतच तोडून जोड दिला असेल, तर दोन्ही तोंडांत ‘एकच तार’ उरत नाही. तेथे जोडाचे वेगळे नियम लागतात. जोडासह तारांनी त्या जागी पन्हळीचा ७५ टक्क्यांहून अधिक छेद व्यापू नये. परंतु तार ओढून नंतर ‘ठेवली’ असे सांगणे ही शब्दांशी केलेली लबाडी आहे. ती अधिकाऱ्याला फसवील, विजेला फसविणार नाही.

हे सारे परक्या देशाचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९८५ साली स्वतंत्र राष्ट्रीय विद्युत संहिता प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. भारतात काम करताना तीच पाहावी. परंतु आपल्या भागातून तंत्रशिक्षण घेऊन आखाती देशांत गेलेल्या तरुणांचा या अमेरिकन संहितेशी प्रत्यक्ष संबंध येतो. सौदी अरामको ही कंपनी मुळात अमेरिकन तेलकंपन्यांनी उभारलेली, आणि तिच्या विद्युत कामाच्या मानकांना याच संहितेचा आधार आहे. तेथे आठपट आणि सहापट हे आकडे पाठ असून भागत नाही. कोठे कोणता आकडा लावायचा, हे सांगता यावे लागते.

तेव्हा तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, नियम वाचताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा नियम कोणत्या अपघातातून आला? त्याचे नेमके शब्द काय आहेत? आणि आपण प्रत्यक्ष जे काम केले, त्याला ते शब्द खरोखर लागू पडतात काय? १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या मंडळींनी पाच संहितांची एक केली, पण ती वाचून समजून घेण्याचे काम प्रत्येक कारागिरासाठी आणि प्रत्येक अधिकाऱ्यासाठी शिल्लक ठेवले. ते काम दर पिढीला नव्याने करावे लागते.