हृदयाची लय आणि तीन आठवडे

माझ्या हृदयाची बिघडलेली लय विजेचा झटका देऊन सुधारायची असं नगरच्या दवाखान्यात ठरलं, तेव्हा मी विचारलं, "मग आजच का नाही?" डॉक्टर म्हणाले, "आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी. एकही चुकवायची नाही." हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले की आत रक्त साचून गुठळी होते. लय परतताच ती सुटून मेंदूत जाऊ शकते.

ही उपचारपद्धती बॉस्टनच्या डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ साली पुढे आणली. त्याआधी घरातल्या दिव्यांना येतो तसला एसी प्रवाह वापरीत. त्यानं कधीकधी हृदय अधिकच बिथरे. लाउन यांनी डीसी प्रवाह घेतला आणि झटका ठोक्याच्या नेमक्या क्षणी बसेल अशी सोय केली. यती चुकली तर ओळ मोडते, हे आम्हा कवींना ठाऊक. इथं क्षण चुकला तर जिवावर बेततं.

त्या दिवशी उपाशीपोटी जायचं आहे. रोजे धरणाऱ्याला त्याचं काय! अवघड आहे ती घड्याळ बघून घ्यायची गोळी, तीही झटक्यानंतर आणखी किमान चार आठवडे. कॅलेंडरवर मी रोज खूण करतो. आज सोळावी झाली.