एकच व्हॉल्व्ह, दोन आवाज

"ट्यूबचा आवाज कसला वॉर्म असतो ना!" हे वाक्य तुम्ही रील्समध्ये, हेडफोनच्या रिव्ह्यूमध्ये ऐकलं असेलच. आज मी या वाक्याची उलटतपासणी घेणार आहे, आणि साक्षीदार म्हणून बोलावणार आहे एक ब्रिटिश व्हॉल्व्ह. नाव केटी ६६, जन्म १९३७.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते बघू. हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेत तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर इवलासा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. झाला आवाज मोठा!

आता १९४७ साल. डी. टी. एन. विल्यमसन या विशीतल्या स्कॉटिश इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा छापला. त्यात केटी ६६ ची जोडी होती. एक व्हॉल्व्ह ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, म्हणून ही रचना 'पुश-पुल'. शिवाय निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवायचा, म्हणजे मशीन स्वतःची चूक स्वतःच खोडते. ही युक्ती हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला १९२७ मध्ये फेरीबोटीतून कामावर जाताना सुचली होती. विल्यमसनने ती भरपूर वापरली आणि त्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही फार काटेकोर बनवायला लावला. फळ काय? १५ वॅटला विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, ०.१ टक्क्याहून कमी! जगभरच्या हौशी लोकांनी हा अ‍ॅम्प्लिफायर घरी जोडला. त्याचं ध्येय एकच होतं: रेकॉर्डवर जे आहे ते ऐकू यावं, मधलं यंत्र जाणवूच नये.

पुढे १९६२. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाल्यांना महागड्या अमेरिकन फेंडरसारखा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. मार्शलच्या माणसांनी फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम ४५ बनवला. लवकरच त्यातही केटी ६६ ची जोडी बसली. पण इथे फीडबॅक बराच कमी होता, आणि व्हॉल्यूम वाढवला की व्हॉल्व्ह झेपेनासे होऊन आवाजाच्या लाटांची टोकं दबायची. जोरदार फीडबॅक असला तर ही टोकं कात्रीने कापल्यासारखी उडतात, कमी असला तर हळूहळू गोल होतात. त्यातून मूळ सुरात नवे सूर मिसळतात. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या अल्बमसाठी एरिक क्लॅप्टनने असाच मार्शल स्टुडिओत कानठळ्या बसतील इतका मोठा लावला. विल्यमसन जी विकृती खोडत होता, तीच इथे वाद्य झाली.

म्हणजे बघा, व्हॉल्व्ह तोच, पण एक स्वच्छ आणि एक रांगडा. मग तो 'वॉर्म'पणा काचेत असतो का? मला वाटतं, नाही. तो असतो सर्किटमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि मशीनला किती ताणलंय त्यात.

"दोघांत भारी कोण?" या प्रश्नालाही अर्थ नाही. मार्शल हा गिटारचाच अर्धा भाग आहे. कलाकार त्याच्यातून आपला आवाज घडवतो. विल्यमसनचं काम त्यानंतर सुरू होतं: घडलेला आवाज तसाच्या तसा तुमच्यापर्यंत पोचवणं. गाणं ऐकायच्या यंत्राने स्वतःचा रंग मिसळला, तर तो रंग कलाकाराने दिलेला नसतो. तुम्हाला आवडला तर खुशाल ऐका, पण तो कुठून आला हे माहीत असू द्या.

म्हणून काचेतला केशरी उजेड बघून खिसा रिकामा करण्याआधी एवढंच विचारा: ही ट्यूब आवाज नुसता पोचवतेय की बदलतेय? तुम्हाला दोन्हीपैकी काय आवडतं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!